अवजारांची पेटी : चाळिशीला टेकलेला कॅम्पर

बर्फ वितळलं की मिशिगनमध्ये रस्त्यातले खड्डे बाहेर येतात आणि त्यांच्या पाठोपाठ लोकांच्या अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी लावलेले जुने पॉप-अप कॅम्पर. या वेळची बहुतेक पत्रं त्यांच्याबद्दलच आहेत. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चाकांवरची एक बुटकी पेटी. हँडल फिरवलं की छप्पर चार खांबांवर वर जातं, पुढून-मागून पलंग बाहेर ओढायचे, भिंती कॅनव्हासच्या. बंद केला की गाडीच्या मागच्या काचेतून त्याच्यावरून रस्ता दिसतो. ओढायला हलका, आणि जुना घेतला तर स्वस्त. स्वस्त का, ते पुढे येईलच.

काकू, नमस्कार. शेजारच्या आजोबांकडून ६०० डॉलरला १९८७ चा कोलमन कोलंबिया घेतला. दहाएक वर्षं त्यांच्या शेडमध्ये उभा होता. जुलैत लडिंग्टन स्टेट पार्कचं बुकिंग आहे. इंटरनेटवर पाहून बायकोने कपाटांना पांढरा रंग, नवे पडदे, गाद्यांना नव्या खोळी असा बेत आखलाय. रंग कुठला घ्यावा आणि सुरुवात कुठून करावी?
— अ. कु., नोव्हाय, मिशिगन

रंगाचा डबा गॅरेजमधल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्या. सूनबाई रागावतील, पण लडिंग्टनला पोचायचं असेल तर आधी चाकं. पांढरी कपाटं घेऊन हमरस्त्याच्या कडेला बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

टायरवर नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. बाजूला 'डॉट' अक्षरांनंतर जी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नुसता उभा राहूनही आतून सुकतो. तुमचे दहा वर्षं शेडमध्ये उभे होते, म्हणजे प्रश्नच मिटला. नवे घेताना ट्रेलरचेच घ्या, त्यांच्यावर 'एसटी' लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या बाजूवर लिहिलेला पूर्ण दाब गार असताना भरा. वेगळं काही लिहिलं नसेल तर हे टायर साधारण ताशी ६५ मैलांसाठी असतात. आय-९६ हमरस्त्यावर बाकीचे ८० ने जातात, जाऊ देत.

काही जुन्या पॉप-अपना आठ इंची रिमची चाकं असतात, लहान मुलांच्या गाडीला शोभतील अशी. तुमच्या गाडीचं चाक एकदा फिरतं तेवढ्यात ते पावणेदोन वेळा फिरतं. म्हणून बेअरिंगचं काम टाळायचं नाही. हे काम घरी होतं, एका दुपारचं आहे, आणि कॅम्परच्या सगळ्या कामांत मला हेच सगळ्यात आवडतं.

दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. जॅक चेसीखाली लावायचा, अॅक्सलच्या नळीखाली नाही, ती वाकते. वर उचलल्यावर स्टँड द्या. चाक काढलं की मध्ये पत्र्याची टोपी दिसेल. ती कडेकडेने ठोकत सोडवा. आत कॉटर पिन, तिच्यामागे खाचांचा नट, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग. आतलं बेअरिंग हबच्या पाठीमागे सीलच्या आड असतं. ते सील काढताना मरतं, नवं आणूनच बसा. जुनं ग्रीस मिनरल स्पिरिटने पार धुवून बेअरिंग कोरडं करा आणि उजेडात धरून एकेक रोलर बघा. चकचकीत असेल तर ठीक. निळसर झाक, खड्डे किंवा पुसून न जाणारे तपकिरी चट्टे दिसले तर बेअरिंग आणि त्याची हबमधली कडी दोन्ही बदला. पैसे वाचवून एकच बदलू नका.

मग ग्रीस भरणं. तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत ओढायची, अरुंद बाजूने ग्रीस रोलरच्या फटींतून वर येईपर्यंत. मग थोडं फिरवायचं आणि परत तेच. घाई केली तर मध्ये हवा राहते. सगळं बसवलं की चाक हाताने फिरवत नट पान्याने आवळा, परत सैल करा आणि शेवटी बोटांनी लागेल तेवढाच लावा. कॉटर पिन नवी. जुनी सरळ करून घालणारे लोक कुठल्या मातीचे असतात मला कळत नाही. पहिले दहा मैल गेल्यावर थांबून हबला हात लावा. कोमट असायला हरकत नाही. हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही.

चाकं झाली की खाली वाकून फरशी. स्क्रू ड्रायव्हर किंवा टोचा घ्या आणि कडेकडेने, दाराच्या उंबऱ्याशी, सिंकखाली आणि चारही कोपऱ्यांत दाबून बघा. चांगलं प्लायवूड टणक लागतं. कुजलेलं चहात बुडवलेल्या खारीसारखं थरथर सुटतं. चार-सहा इंचांचा तुकडा गेला असेल तर कुजकं कापून, कोरडं करून, कडांना पातळ इपॉक्सी पाजून नवा तुकडा बसवता येतो. एका भिंतीची अख्खी कड मऊ लागली तर पेटी चेसीवरून सोडवण्यापर्यंत काम जातं, आणि ते जुलैपर्यंत होत नाही. तसं असेल तर बुकिंग पुढच्या वर्षीचं करा.

फरशी टणक निघाली आणि छप्पर कोरडं निघालं, तर रंग. आधी पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग कुठलाही बरा इनॅमल. रंग कुठला हे सूनबाईंना विचारा, त्यात मला गती नाही.

छताच्या कोपऱ्यातून पाणी येतं. आधीच्या मालकाने सिलिकॉनचे थर दिलेत, मीही वरून एक दिला. तरी गळतंच. अजून जाड थर देऊ का?
— वाचक, कोलंबस, ओहायो

नको! सिलिकॉनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. पाणी तुमच्या थराखालून मजेत जातंय. आणि आत जिथे टिपकतं तिथेच गळती असते असं मानू नका. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतलं लाकूड यांच्यामधून पाणी फूटभर चालत जाऊन मग खाली उतरतं.

कष्टाचं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. कडेच्या पट्टीचे स्क्रू काढा, पट्टी उचला, प्लास्टिकच्या पट्टीने सगळं सिलिकॉन खरवडा आणि अल्कोहोलने पुसून घ्या. पट्टीखाली ब्युटाइल टेप लावा. काळी-करडी चिकट फीत असते, वर्षानुवर्षं मऊ राहते. पट्टी परत आवळा. कडेने बाहेर आलेली टेप लगेच कापू नका. दोन-चार उन्हं लागली की ती अजून बाहेर येते, तेव्हा कापा आणि स्क्रू परत एकदा आवळा. छतावरची खिडकी आणि सपाट जागेवरचे स्क्रू यांच्यावर आपोआप पसरणारं छताचं सीलंट घाला. आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या सामानाच्या, कुठल्याही दुकानात मिळतं.

जुन्या स्क्रूची भोकं गंजाने मोठी झाली असतील आणि स्क्रू नुसता फिरत असेल तर आतलं लाकूड गेलं. मग टेपने भागणार नाही. छताचं आतलं अस्तर सोडवून बघावं लागेल. तेव्हा फोटो पाठवा.

हँडल फिरवल्यावर तीन कोपरे वर येतात, चौथा अडकतो. कॉर्डलेस ड्रिल लावून जोर दिला तर?
— स. दे., शॉमबर्ग, इलिनॉय

ड्रिल लावलं की काय अडकलंय हे हाताला कळत नाही आणि तार तुटते. हँडलने फिरणारी विंच एक मुख्य तार ओढते, तिच्यावरून चार कोपऱ्यांच्या चार तारा निघतात, आणि त्या नळ्यांमधून लांब स्प्रिंग ढकलून खांब वर नेतात. एक कोपरा अडकला म्हणजे बहुतेक त्या नळीत गंज किंवा चिखल आहे, खांब वाकलाय, नाहीतर तार ताणली गेली आहे. कंपनीनुसार रचना बदलते, तेव्हा आधी तुमच्या मॉडेलचं पुस्तक शोधा. जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवणारे भले लोक खूप आहेत.

एक मात्र आज्ञाच समजा. छप्पर वर असताना आत कुणी काम करत असेल, तर चारही कोपऱ्यांना दोन-बाय-चारच्या लाकडाचे टेकू द्यायचे. नुसत्या तारेच्या भरवशावर छपराखाली डोकं घालायचं नाही. मुलांना तर अजिबात जवळ येऊ द्यायचं नाही.

कॅनव्हासवर बुरशीचे काळे ठिपके आहेत. क्लोरॉक्स ब्लीच चालेल का? सासूबाई म्हणतात रिठे वापर.
— म. प., एडिसन, न्यू जर्सी

दोघींत सासूबाई बऱ्या. ब्लीचने ठिपके जातात, पण शिलाईचा दोरा कमजोर होतो. मग वाऱ्याच्या एका झोताने शिवण उसवते.

कॅम्पर भर उन्हात उघडा. आधी कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटका, तोंडाला मास्क बांधून. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, स्पंजने लावा, अर्धा तास थांबा, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा आणि दिवसभर वाळू द्या. प्रेशर वॉशर नको. डाग थोडे राहतील, राहू देत. बुरशी मेली आणि कुबट वास गेला की काम झालं. मग शिवणींना सीम सीलर आणि कापडाला पाणी अडवणारा फवारा. पलंगावरचं कापड बरेचदा विनाइलचं असतं, त्याला फवाऱ्याची गरज नसते.

बोटाने ताणून बघा. कापड टर्रकन फाटलं तर धुण्यात वेळ घालवू नका. नवा कॅनव्हास शिवून देणाऱ्या कंपन्या आहेत, जुना कॅनव्हास नमुना म्हणून पाठवावा लागतो. खर्च चार आकडी डॉलरांत जातो. म्हणूनच म्हणते, स्वस्त कॅम्पर पाहायला जाल तेव्हा मालकाला तो पूर्ण उघडायला लावा. 'उघडायला त्रास होतो, पण आत सगळं छान आहे' असं ऐकलं की चहा पिऊन परत या.

पावसात गुंडाळावा लागला, तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत परत उघडून वाळवायचा. सोमवारी ऑफिस असलं तरी.

आमच्या जुन्या जेको कंपनीच्या कॅम्परमध्ये लाइट आहेत पण बॅटरी एका रात्रीत बसते. लिथियम बॅटरी, सोलर आणि छतावर एसी असं सगळं एकदम करायचा विचार आहे. तुम्ही वायरिंगमधल्या, म्हणून विचारतो. शिवाय इंडिकेटर लावला की ट्रेलरचे सगळे दिवे मंद होतात.
— नि. भा., ट्रॉय, मिशिगन

गाड्यांच्या वायर हार्नेसमध्ये माझी उभी हयात गेली, तेव्हा हे उत्तर लांबणार.

मंद दिव्यांपासून सुरू करते. दिवे मंद झाले, एकाच्या जोडीला दुसरा लुकलुकला, की नव्वद टक्के वेळा अर्थिंग. चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर-ब्रेक, हिरवी उजवा. पांढरी वायर चेसीला जिथे स्क्रूने लावली आहे ती जागा शोधा. तिथे गंज असेल. घासून लोखंड चमकवा, वायरच्या टोकाला नवा रिंग टर्मिनल चिमट्याने दाबून (क्रिंप करून) लावा, घट्ट बसवा, वर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. दिव्यांचं अर्थिंगही त्यांच्या स्क्रूमधून होतं, तिथेही तेच. हिचच्या (गाडीला ट्रेलर जोडतात त्या सांध्याच्या) बॉलमधून अर्थिंग मिळतं असं सांगणारे भेटतील. भेटू देत.

माझा अनुभव असा की जुनी तांब्याची वायर सहसा खराब नसते, जोड खराब असतात. आधीच्या मालकांनी टेप गुंडाळून, पिळे मारून, घरातले वायर नट लावून केलेले जोड कापा आणि गरम केल्यावर आवळणारे, हीट-श्रिंकवाले क्रिंप लावा. सगळं वायरिंग उपटायची हौस असेल तर माझी ना नाही, पण गरज क्वचित असते.

आता रात्रीत बसणारी बॅटरी. जुन्या दिव्यांतला ११४१ नंबरचा बल्ब जवळपास दीड अँपिअर खातो. असे चार बल्ब पाच तास म्हणजे साधारण ३० अँपिअर-तास. साध्या लेड बॅटरीची क्षमता ८० च्या आसपास, आणि तिचं आयुष्य राखायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे दिव्यांनीच तीन चतुर्थांश कोटा संपवला. तेच चार दिवे एलईडी केले तर चार-पाच अँपिअर-तास. लिथियमला शेकडो डॉलर मोजण्याआधी एलईडी बल्ब लावा, निम्मे लोक तिथेच समाधान पावतील.

एक खोच आहे. भिंतीतल्या १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर तुमच्या कॅम्परच्या वयाचा असेल, तर त्याला बहुधा बॅटरी नीट चार्ज करताच येत नसेल. अनेक जुन्या कन्व्हर्टरांत तशी सोयच नव्हती. त्यातून येणारा प्रवाह खडबडीत असतो, एलईडी त्यावर फडफडतात. तेव्हा कन्व्हर्टर आधी बदला, आणि पुढेमागे लिथियम घ्यायची असेल तर लिथियमची सेटिंग असलेलाच घ्या. लिथियमला शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायचं नाही. आपल्याकडचा हिवाळा बघता ऑक्टोबरात काढून घरात आणा.

सोलरचा १०० वॉटचा पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-तास देतो. एलईडी, पंखा आणि फोन यांना पुरे. फक्त तो छतावर पक्का करू नका. लांब वायर लावून जमिनीवर उन्हात ठेवा, कॅम्पर झाडाच्या सावलीत. छताला नवीन भोकं पाडायची नाहीत, गळती काय करते ते वरच्या कोलंबसच्या पत्रात आलंच.

छतावरचा एसी? माझं उत्तर नाही. तो पाऊणशे-शंभर पाउंडांचा असतो. जुनं छप्पर, जुन्या तारा, जुने स्प्रिंग, आणि वर हे ओझं. कंपनीने तुमच्या मॉडेलचं छप्पर एसीसाठी मजबूत केलं होतं का ते पुस्तकात बघा. नसेल तर खिडकीतला ५००० बीटीयूचा साधा एसी घ्या, त्याचं गरम तोंड बाहेर राहील असा खालच्या कपाटाच्या उंचीवर चौकटीत बसवा. चार-पाच अँपिअरमध्ये चालतो आणि एवढीशी खोली कुडकुडवतो. १२० व्होल्टचं कुठलंही सॉकेट जीएफसीआय, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारं, हवं. ब्रेकरचं काम स्वतःला जमत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आतल्या शेगडीवर स्वयंपाक करता येईल ना? गॅसचा सिलिंडर जुनाच आहे, अर्धा भरलेला वाटतो.
— एक आजी, फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन

आजी, सिलिंडरवरची फिरवायची चकती बघा. तीन कानांची असेल तर आत जास्त भरू न देणारा व्हॉल्व्ह आहे. गोल असेल तर जुना. २००२ पासून तसा सिलिंडर कुणी भरून देत नाही. तो गॅस विक्रेत्याकडे जमा करा. रबरी नळी आणि रेग्युलेटर तेव्हाचेच असतील तर दोन्ही नवे. जोडल्यावर भांडी घासायच्या साबणाचा फेस प्रत्येक जोडाला लावा. बुडबुडे फुगले की बंद. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून त्याचा अलार्म फरशीजवळ लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. जुना हीटर जाणकाराला दाखवल्याशिवाय पेटवायचा नाही, आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून तर कधीच झोपायचं नाही.

चहा आत करा, खिडकीची चेन उघडून. फोडणी मात्र बाहेर. बऱ्याच पॉप-अपची शेगडी उचलून बाहेरच्या कडेला अडकवता येते. हिंग-मोहरी आत तडतडली की कॅनव्हासला तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतो, आणि मिशिगनच्या उत्तरेकडच्या अप्पर पेनिन्सुलात वासाची दखल घेणारी अस्वलं आहेत. कुकरच्या शिट्ट्या रात्री दहाच्या आत.

नवी हायब्रिड टोयोटा सिएना व्हॅन घेतली. कॅम्पर ओढेल का?
— वाचक, कँटन, मिशिगन

२०२१ पासूनच्या हायब्रिड सिएनाची मर्यादा १५०० पाउंड. आधीच्या पिढीची ३५०० होती, तो आकडा डोक्यातून काढा. कॅम्परच्या पाटीवर भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. पेटी रिकामी बसेलही, पण त्यात पाणी येतं (गॅलनला ८.३ पाउंड), बॅटरी, सिलिंडर, गाद्या आणि तांदळाची पिशवी. १५०० च्या जवळ जात असेल तर घेऊ नका. हिचवर भरलेल्या कॅम्परच्या वजनातलं १० ते १५ टक्के वजन पडलं पाहिजे. कमी पडलं तर ट्रेलर शेपटी हलवतो, आणि ते मागच्या आरशात बघवत नाही.